सगळ्यांना जागं ठेवणारा डबा

मिल बंद झाली तेव्हा बाबांच्या बॉयलर खात्यात कोणालाच कोणी विचारलं नाही. फाटकावर एक कागद डकवला, विषय संपला. त्यावर मी इतकी पत्रकं लिहिली की 'कपात' शब्द नुसता दिसला तरी माझं डोकं तापायचं.

पुढे मी पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात प्रोग्रामर म्हणून लागले. आम्ही बॉयलरसाठी अलार्मचा डबा बनवत होतो. लाइट गेली की पंप बंद पडतो, बॉयलरचं पाणी उतरतं आणि भट्टी तर धगधगतच असते. अशा वेळी डब्याने बॅटरीवर चालायचं, पाणी फार उतरलं की भोंगा वाजवायचा, आणि बॅटरी पुरावी म्हणून एरवी झोपायचं. ही झोप बसवायचं काम माझ्याकडे होतं, कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात. जोडलेलं प्रत्येक उपकरण प्रोसेसरला हाक मारतं, त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. झोपण्याआधी या हाका बंद करायच्या. ज्याला उठवायचा हक्क द्यायचा, त्याच्यावरच खूण करायची.

"फक्त पाण्याची पातळी कळवणाऱ्या फ्लोटवर खूण करा," सीनियर म्हणाले.

"आणि कीपॅड? सीरियल पोर्ट? ते फालतू आहेत हे कोणी ठरवलं?"

"अरे मॅडम, ही युनियनची गेट मीटिंग आहे का? सबको जगाने का हक दोगी, तो सोएगा कौन?"

मी गुपचूप सगळ्यांवर खुणा केल्या. मला तो न्याय वाटला, दुसरं काय सांगू!

चाचणी रंगाईच्या कारखान्यात होती. मिल बंद पडल्यावर बाबा तिथेच बॉयलरवर लागले होते. भर दुपारी लाइट गेली. सीरियल पोर्टला, म्हणजे डब्याला संगणक जोडायच्या खाचेला, कोणी न वापरलेली एक लांब वायर लोंबत होती. ती अँटेनासारखी काहीबाही पकडून उगाच हाका मारत राहिली, डबा दर सेकंदाला उठत राहिला आणि तासाभरात बॅटरी संपली. डबा आहे ना, म्हणून तिथल्या मालकाने बाबांना रंगाच्या हौदावर पाठवलं होतं. मिलच्या सवयीने ते मध्येच बॉयलरची पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायला आले. काचेत पाणी तळाशी होतं. त्यांनी जळती लाकडं बाहेर ओढली. मनगट भाजलं.

"तुझा डबा झोपला होता का गं?" घरी मी मलम लावताना त्यांनी विचारलं.

"झोपलाच नाही, बाबा. म्हणून मेला."

मी खुणांचं सांगितलं. ते चिडले. "मिलमध्ये लाइट गेली की आम्ही सगळ्यांना बॉयलरघराबाहेर काढायचो. काचेपाशी एकच माणूस. बाकीच्यांना काय अपमान वाटायचा?"

"पण लाइट आल्यावर त्यांना परत बोलवायचात ना?"

"एकूणएकाला."

दुसऱ्या दिवशी मी फ्लोट सोडून सगळ्या खुणा काढल्या. मग डबा वीसदा झोपवला, वीसदा उठवला आणि प्रत्येक वेळी बंद केलेली एकेक हाक परत सुरू झाली का, ते तपासलं. सीनियर हसले. हसोत.

डब्यासोबत जाणाऱ्या सूचनांच्या कागदावर पहिली ओळ मी मोठ्या अक्षरात घातली: लाइट गेल्यावर काचेपाशी माणूस हवाच. आमचा मालक म्हणाला, मग डबा कोण घेणार? मी म्हटलं, ही ओळ खोडायची असेल तर तुम्ही स्वतः बॉयलरशेजारी बसा.

ओळ राहिली.