बापाच्या मापाची वहाण

निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे एक्कावन्न साल नुकतं लागलेलं, म्हणजे इंग्रजी एकेचाळीस. मी छत्तीस वर्षांचा होतो. त्या साली माझे पाय दुखायला लागले असं लिहिलं तर ते खोटं होईल, कारण पाय त्याच्या आधी सात-आठ वर्षं दुखतच होते. त्या साली एवढंच झालं की ते मला लपवता येईनात.

आमचं गाव जनवाड्याहून दोन कोसांवर. आम्ही मूळची मेंढकं माणसं. माझ्या वेळेपर्यंत मेंढरं थोडी उरली होती, जमीनही थोडीच, आणि घरात घोंगडीचा एक माग. धाकटा भाऊ मागावर बसायचा, मी घोंगड्यांचं ओझं डोक्यावर घेऊन बाजार करायचो. जनवाडा, बीदर, खाली मन्नाएखेळ्ळी, वर पार संतपूरपर्यंत. एकदा निघालं की कधीकधी चार-सहा दिवसांनी घर दिसायचं. ही फेरी माझ्या बापाची. बाप गेला आणि फेरी माझ्याकडं आली, तिच्यामागून घरातला शब्दही माझ्याकडं आला. शाळा माझी दुसरीतच सुटलेली, तीही उर्दू. पण कुणाला किती द्यायचं, कुणाला उधार नाही, हे मी बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. पाय बसले असते तर फेरी धाकट्याकडं गेली असती, आणि मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून त्याच्या तोंडाकडं बघत बसलो असतो. मला पायापेक्षा त्याची भीती जास्त होती.

दुखणं टाचेचं. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत बाभळीचा काटा मोडल्यासारखं व्हायचं. थोडं चाललं की कमी व्हायचं, आणि ओझं घेऊन कोसभर गेलं की परत, आता पंज्यालाही. करंगळीच्या बाजूला घट्टा पडलेला, तो फुटायचा. वीट तापवून तिच्यावर रुईचं पान ठेवून मी टाच शेकली. बिब्ब्याचा डाग घेतला, त्याची खूण अजून आहे. शेकलं की दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पाय आपल्या मूळ गुणावर.

मग मी म्हटलं, दोष वहाणेचा आहे. आमच्या गावात वर्षाला एक जोड मोच्याकडून घरात यायची. त्याला सुगीत ज्वारी द्यायची, त्यानं संक्रांतीच्या सुमाराला वहाणा आणून द्यायच्या. म्हशीच्या कातड्याची, तीन पदरी, खाली नाल ठोकलेली वहाण. घरात एकच जोड, ती घरच्या कर्त्याची. धाकटा अनवाणीच. मागावर बसणाऱ्याला वहाण कशाला, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं, त्यालाही.

वहाण कडक म्हणून दुखते असं धरून एका साली मी नवी जोड करडीच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवली आणि सकाळी उन्हात भिंतीवर टाकली. कातडं असं मऊ झालं होतं की हात लावत बसावं. मी भाकरी खाऊन बाहेर येतो तर भिंतीवर एकच वहाण. दुसरी घेऊन शेजारचं कुत्रं नाल्याकडं पळत होतं. मी त्याच्यामागं पळालो, तेही दुखऱ्या पायानं. मिळाली तेव्हा तिचा अंगठा खाल्लेला होता. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती दारात बसून म्हणाली, "त्येला बी ज्वारी द्यायला सांग आता, अर्धी जोड त्यानं न्हेली."

दुसऱ्या साली बीदरला बाजारात जोड्यांच्या दुकानात शिरलो. टोकाची सलीमशाही जोडी, वर कलाबतू. पाय घातला तर बोटं एकावर एक चढली. दुकानदार गादीवरून म्हणाला, "नवा जोडा है पटेल, चार दिन काटता, फिर पाँव कू पैचान लेता." मला पटेल म्हणाला म्हणून मी तो घेतला, दुसरं काही कारण नव्हतं. जोड्यानं पाय ओळखला नाही. शेवटी तो एका लग्नात नवरदेवाला गेला.

वहाणेत टाचेखाली घोंगडीचा तुकडा घालूनही पाहिलं. त्यानं टाच मऊ झाली, पण पाय वर उचलला गेला आणि वरचा पट्टा जास्तच आवळायला लागला.

तर त्या एकेचाळीस साली दिवाळीनंतर मी संतपूरला निघालो. थंडी पडायला लागली होती, घोंगडीचा खरा दिवस तोच. अर्ध्या वाटेत मी ओझं उतरवलं आणि बसलो. बसलो तो उठवेना. संध्याकाळपर्यंत तिथंच. कडब्याची एक गाडी उलटीकडून आली, तिच्यात ओझं टाकून घरी परत आलो, एकही घोंगडी न विकता. अव्वानं नुसती भाकरी पुढं सरकवली. काय झालं असं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी धाकटा म्हणाला, "अण्णा, मन्नाएखेळ्ळीला मी जाऊ का?"

"कामून? मी मेलो का?"

"मेलास असं कोण म्हणायलंय? घोंगड्याला कसर लागायलीय."

"लागू दे. फेरी माझी हाय."

तो जाऊन मागावर बसला. तो नेहमीच गप बसायचा, त्यामुळं भांडण माझं एकट्याचंच व्हायचं.

पुढं दोन-तीन दिवसांनी दुपारी मेंढरांच्या वाड्यातून एक मेंढी सुटून ज्वारीत शिरली. धाकटा मागावरून उठला, घाईत दारातल्या माझ्या वहाणा पायात सरकवल्या आणि गेला. मी ओट्यावर पाय शेकत बसलो होतो. तो मेंढी घेऊन बांधावरून परत येत होता आणि क्षणभर मला वाटलं, बाप चाललाय. तीच लांब टांग, तीच टाच आधी टेकवायची ढब. जवळ आल्यावर तो म्हणाला, "अण्णा, ह्या तर लई बेस बसायल्यात. मला वाटलं तुला चावत्यात म्हंजी वहाणच खराब हाय."

अव्वा धान्य पाखडत होती. म्हणाली, "त्येच्या पायाला बसणारच की. त्येचा पाय बापाचा हाय, लांब, चिपाडावानी. तुझा माझ्या बापावर गेलाय. फावडं."

मला राग आला. थोरला मी. फेरी माझी, घरातला शब्द माझा, आणि पाय मात्र आईच्या घरचा? मी म्हटलं, "माझा बी बापाचाच हाय, सुजलाय म्हणून रुंद दिसायलाय." अव्वा सूप बाजूला ठेवून इतकी हसली की तिला ठसका लागला.

पण त्या आठवड्यात मी पाऊलच टाकू शकत नव्हतो. धाकटा माझ्या वहाणा घालून मन्नाएखेळ्ळीला गेला आणि मी त्याच्या जागी मागावर बसलो. विणता मला येतच होतं. पाच दिवसांनी तो परत आला, एक सोडून सगळ्या घोंगड्या विकून. आल्या आल्या पाय धुतले आणि मेंढरांना पाणी दाखवायला परत चालू लागला. पाच दिवस चाललेल्या माणसानं बसावं की नाही?

मग मी मोच्याच्या घरी गेलो. गावाच्या कडेला त्याचं घर, अंगणात कातड्याचं कुंड. म्हातारा माझ्या बापाच्या बरोबरीचा. त्याला मी मामा म्हणायचो.

"मामा, माझ्या पायाचं माप घे."

"कामून मालक? तुमच्या घराचं माप हाय की." त्यानं भिंतीकडं बोट केलं. भिंतीवर खिळे होते आणि एकेका खिळ्याला वहाणेच्या आकाराचा जुना कातड्याचा तळ टांगलेला, घराला एक. आमच्या घराचा तळ मी पहिल्यांदा नीट पाहिला. लांब आणि अरुंद. बाप जाऊन अकरा-बारा वर्षं झाली होती आणि त्या तळावरून दरसाल माझ्या वहाणा कापल्या जात होत्या. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी म्हटलं नव्हतं.

"मग ह्यो काढून टाकायचा का?" म्हातारा म्हणाला.

"काढू नको. त्यो धाकट्याला बसतो. त्येची बी जोड कर, माझी बी कर. ज्वारी वाढवून देतो."

म्हाताऱ्यानं हातातली कातडं कापायची रापी खाली ठेवली. "ज्वारीचं न्हाई वो. एका घराला एक माप, आजपत्तूर हेच चाललंय. दोन मापं टांगली म्हंजी दोन घरं झाली. मागं एकाच्या घरचं दुसरं माप टांगलं आन् आठ दिवसात चावडीत वाटणीचं बोलणं. लोक माझ्या भिंतीकडं बघून सांगत्यात कोण एकत्र हाय, कोण फुटलंय. उद्या तुमचं इचारतील, मी काय सांगू?"

मी घरी आलो आणि सांगितलं. अव्वाचा चेहरा उतरला. "मी जिती हाय तवर दोन मापं न्हाईत," ती म्हणाली. धाकटा म्हणाला, "अण्णा, तुझंच टांग. त्यो जुना काढू दे. मी काय, अनवाणी बी जाईन." तो मनापासून म्हणाला, आणि तेच मला लागलं. जुना तळ काढायचा म्हणजे म्हातारा तो कापून दुसऱ्याच्या वहाणेला ठिगळ लावणार. धाकटा परत मागावर, फेरी परत माझी. मला हवं होतं तेच होत होतं. पण बांधावरून येणारा तो माणूस माझ्या डोळ्यापुढून हलेना. त्या पायांना अनवाणी ठेवून मी कुठला बाजार करणार होतो?

पुढं मी जे केलं ते चुकलं असं मी आजही म्हणत नाही. मापाची रीत गावाची होती. पण गावाच्या रीतीला आपला पाय द्यायचा तरी किती?

परत गेलो. म्हटलं, "मामा, दुसरा खिळा ठोकू नको. त्याच खिळ्याला, एका दोरीत दोन्ही तळ टांग."

"असं कुणी केलं न्हाई."

"म्या करायलोय. कुणी इचारलं तर सांग, एक खिळा म्हंजी एक घर."

म्हातारा डोकं खाजवत हसला. "तुमी बापापेक्षा हट्टी हाव." ते मला बापाच्या पायापेक्षाही आवडलं.

माप घ्यायला त्यानं मला पाटावर बसायला सांगितलं. मी बसलो नाही. घरून घोंगड्यांचं गाठोडं मागवलं, डोक्यावर घेतलं आणि ओल्या कातड्यावर उभा राहिलो. ओझ्याखाली पाय पसरतो हे मला माहीत होतं, ते कुणाकडून शिकावं लागलं नाही. म्हातारा खाली बसून कडेनं रेघ ओढत म्हणाला, "आरं बाबौ, ह्या एका पायात दोन पाय बसतील." "बसू दे," मी वरून म्हणालो, "कातडं तुझ्या बापाचं न्हाई." आणि टाचेखाली घोंगडीचा दोन पदरी तुकडा शिवायला सांगितलं. रुंदी मोकळी होती, आता पाय वर उचलला तरी पट्टा आवळणार नव्हता.

गावात व्हायचं ते झालं. पारावर दोघं-तिघं म्हणाले की या भावांची वाटणी झाली, कुणाच्या वाट्याला किती ती मेंढरंही मोजली. अव्वा पाणवठ्यावर जायची बंद झाली.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी म्हातारा दोन्ही जोड घेऊन आला. माझी जोड जमिनीवर ठेवली तर बदकासारखी दिसत होती. पाय घातला. बोटं पसरली. पट्टा फुटलेल्या घट्ट्यापासून बाजूला राहिला. टाच टेकली तर खाली काटा होता, पण खोल, झोपलेला. दुखणं गेलं नाही. आज या वयातही ते माझ्याबरोबर आहे. पण वहाणेनं त्यात आपली भर घातली नाही. मी अंगणात फेऱ्या मारल्या, मग वाड्यापर्यंत, मग विहिरीपर्यंत. अव्वा बघत होती.

त्या रात्री जेवताना मी धाकट्याला म्हटलं, "मन्नाएखेळ्ळी तुझी. संतपूर माझं. जो घरी असंल त्यानं मागावर बसायचं. जनवाडा-बीदर बघू." तो भाकरी मोडता मोडता थांबला. "बघू," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनवाड्याचा बाजार होता. मी ओझ्याचे दोन भाग केले, एक त्याच्या डोक्यावर दिला, एक माझ्या. शेतांमधल्या पांदीनं गेलं तर वाट जवळ पडते, पण मी त्याला चावडीकडून वळवलं. पारावर माणसं शेकत बसली होती. आम्ही दोघं भाऊ त्यांच्या समोरून चाललो, नाल वाजवत, तो पुढं, मी मागं. एकानं हाक मारली, "काय वो, दोघं?"

"व्हय, दोघं," मी म्हटलं, आणि तसाच जनवाड्याला चालत गेलो.