मारिकेबाईंची काळी गोळी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते मारिकेबाईंचे. हॉलंडहून येऊन त्यांनी चंदीगडजवळच्या खरडपाशी फुलांचं पॉलिहाउस उभारलं आणि मला, घरातल्या पहिल्या पदवीधराला, पहिली नोकरी दिली. काल चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये खोकल्यासाठी ज्येष्ठमध घेतला आणि त्या वासानं त्यांची काळी गोळी आठवली.

स्वतःच्या एका वाढदिवशी, त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, बाईंनीच आम्हा कामावरच्यांना खाऊ वाटला. त्यांच्या बहिणीनं हॉलंडहून पाठवलेल्या काळ्या गोळ्या, ज्येष्ठमधात खारट नवसागर कालवल्यासारख्या.

“यार, ये तो टायर है!” सोबतचा गुरमीत खिदळला. मी गोळी सरळ रोपांच्या ट्रेमध्ये थुंकलो. सगळे हसले.

“कोई बात नहीं जी,” म्हणत बाईंनी ती हातानं उचलली.

काल घरी येऊन त्यांना पत्र टाकलं: “बाई, एकटा असतो तर गिळली असती. बाकीच्यांना हसवायला थुंकलो. गोळीपेक्षा माझीच शिसारी येते.”