हिरालालचा कुकर

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये हिरालाल राहायचा. जवाहरनगरच्या फॅक्टरीत मशिनिस्ट. भला माणूस, पण बाजार करायला निघाला की डोकं खाई. शर्टाच्या खिशात त्याची तीन कार्डं. साखर आणि घासलेट रेशनच्या कार्डावर. तेल-डाळ कर्मचारी सोसायटीच्या कार्डावर, कारण तिथं दिवाळीआधी वर्षभराच्या खरेदीवर रुपयामागे चार पैसे रिबेट मिळे. साबण आणि चहापत्ती मात्र भंडाऱ्याच्या एका दुकानातून. तो दुकानदार दहा रुपयांवर कार्डावर एक शिक्का मारी आणि पन्नास शिक्क्यांवर स्टीलचा डबा देई. त्या डब्यापायी हिरालालच्या घरी इतका साबण साठला होता, की अख्ख्या लाईनीची धुणी झाली असती.

त्याची बायको विमलाबाई दोन वर्षांपासून एकच मागत होती. कुकर. हिरालालची बस सव्वासहाला, डब्यात त्याला वरणभात लागे, आणि इथल्या पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजत नसे. बिचारी रोज पाचच्या आत उठून स्टोव्हला पंप मारत बसायची. हिरालालचं उत्तर ठरलेलं, घरचा एक पैसा न लावता रिबेटमध्येच कुकर आणतो.

त्यासाठी त्यानं आम्हालाही कामाला लावलं. ज्यांचं सोसायटीत नाव नव्हतं, त्या सगळ्यांची खरेदी त्याच्या नंबरावर. आमचं तेल तोच खांद्यावर वाहून आणायचा, वर चहासुद्धा प्यायचा नाही. एकोणऐंशी साली त्याचं रिबेट निघालं एकशे त्रेचाळीस रुपये. सर्वात जास्त! सोसायटीनं वार्षिक सभेत त्याचा सत्कार ठेवला. विमलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बायकांच्या पहिल्या रांगेत बसली. कुकर कोणता घ्यायचा, हेही तिनं मला सांगून टाकलं होतं.

खांद्यावर शाल पडली, नारळ हाती आला आणि आमचा हिरालाल हवेत गेला. समोर माईक, टाळ्या वाजून राहिलेल्या. गडी म्हणाला, "हे सारे पैसे मी सोसायटीच्या नव्या इमारतीले देतो."

मी डोक्याला हात लावला. विमलाबाई मात्र टाळ्या संपेपर्यंत टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. भांडण नाही, अबोला नाही, फक्त पांघरूण घेऊन पडून राहिली. हिरालालनं स्वतः डाळ चढवली आणि कच्चीच डब्यात भरून बस गाठली. आठवडाभर हेच. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

रविवारी तो भंडाऱ्याला गेला आणि कुकर घेऊन आला. पगारातले एकशे साठ रुपये रोख मोजून. कार्डं घरीच ठेवून गेला होता.

पहिली शिट्टी ऐकायला आम्ही सगळ्या जमलो. डाळ पंधरा मिनिटांत झाली. विमलाबाईनं झाकण काढलं, डाळ बोटानं दाबून पाहिली आणि पदर डोळ्याला लावला. हिरालाल गडबडला. आता काहून रडून राहिली, म्हणून विचारू लागला.

"दोन वर्षं रोज पाचले उठली मी," ती म्हणाली. "पंधराच मिनिटांचं काम होतं हे. त्या झोपेचं रिबेट मले कोन देईल?"

डाळीला फोडणी हिरालालनंच दिली.