बोलेटेला सगळं गुळगुळीत लागायचं

बोलेटेच्या नाकावर राग कायमचाच मुक्कामाला होता, पण तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या घरात आल्यापासून त्यानं चांगले हातपाय पसरले.

तिचं जुनं लाकडी घर पाडलं, कारण म्हणे भिंती कुजल्या होत्या. कुजल्या तर कुजल्या. त्या भिंतीवर हात फिरवला की रंगाचे पापुद्रे बोटाखाली उलगडायचे; वरचा निळा, त्याखालचा तांबडा, त्याच्याही खाली नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी फासलेला पिवळा. दाराची चौकट बर्फगाडीच्या कुत्र्यांचे पट्टे टांगून टांगून झिजली होती. आणि इथं? जमीन गुळगुळीत, दार गुळगुळीत, ओटा तर असा, की हात ठेवला तरी ठेवल्यासारखा वाटत नाही.

“हे घर आहे की धुतलेली ताटली?” ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. “माणसानं धरायचं कुठं?”

लोक माना डोलवायचे. बोलेटे आणि तक्रार यांची जोडी गावाला नवी नव्हती, आणि तिच्याशी वाद घालण्याइतका वेळ कोणालाच नव्हता. कातड्याच्या कामाला मात्र सगळे तिच्याच दारात. गावातल्या बायका सील सोलून झाला की कातडं आणून तिच्या मांडीवर टाकायच्या. ती डोळे मिटून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, “इथं सुरी खोल गेलीय. हे तुझं काम नाही, नवऱ्याचं आहे. त्याला सांग, मटण काप.” बायका हसायच्या. नवरे हसायचे नाहीत.

एकाच बाईला तिनं कधी कातड्याला हात लावू दिला नाही, ती म्हणजे तिची स्वतःची मुलगी. युडिथा बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात होती. दिवसभर रबरी हातमोजे आणि गार पाणी.

“मासळीचे हात तुझे,” बोलेटे म्हणायची. “तू नुसतं बघितलंस तरी कातडं आंबेल.” युडिथा चाळिशी ओलांडून गेली, तरी हे ऐकून घेत होती.

ईस्टरनंतर युडिथाच्या मुलीची, आविआकची, चर्चमध्ये दीक्षा होती. त्या दिवशी मुलीच्या पायात सीलच्या कातड्याचे पांढरे कामिक बूट हवेत. आजी जिवंत असताना नात उसने कातडी बूट घालून उभी राहिली, तर गाव वर्षभर त्यावर चहा पिईल. पांढरं कातडं काही रंगवून होत नाही. केस काढायचे, चौकटीवर ताणायचं आणि वसंतातल्या कोरड्या थंडीत उन्हाला टांगून ठेवायचं. आठवड्यामागून आठवडे गेले की ते आपोआप पांढरं होतं. पण आत जराशी ओल असताना ऊब लागली, तर पिवळं पडतं ते कायमचं.

बोलेटेनं बाहेरच्या सज्जात दोन कातडी टांगली होती, एक मोठं, एक लहान. मोठं वाळलं तसं तिनं स्वतः चाचपून, खात्री करून संध्याकाळी आत आणलं आणि स्वयंपाकघरात उभं केलं. सकाळी बघते तर ते म्हाताऱ्याच्या दातांसारखं पिवळं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी सापडला इमारतीचा रखवालदार मालाकियास.

“रात्री गरम पाणी जास्त सोडलंस घर तापवायच्या नळ्यांना?”

“मावशी, आमच्याच घरात बायको दोन स्वेटर घालून झोपते. जास्त सोडायला आहे कुठं?”

मग कामावर जाण्याआधी डोकावलेली युडिथा.

“तूच. काल इथं सूप उकळत बसलीस. सगळी वाफ कातड्यात गेली.”

“झाकण होतं भांड्यावर.”

“झाकण! आयुष्यभर तुझं झाकणच बघत आले मी. पोरीचे बूट घालवलेस.”

“आई, शेजारच्या सोरिनाकडे एक जोड आहे. पांढरा रंग दिलेला. लांबून कळत नाही.”

बोलेटेनं ते पिवळं कातडं मोरीतल्या टबात आपटलं, पाणी तिच्या कोपरापर्यंत उडालं आणि ती तशीच, ओल्या हातांनी, हातमोजे न घालता घराबाहेर पडली. रंग दिलेले म्हणे. पुढे कोणी रंग दिलेली नातही आणून देईल. बाहेरच्या, थंडीनं गोठलेल्या लोखंडी जिन्याचा कठडा धरून तिनं श्वास घेतला, हात ओढला आणि खाली उतरू लागली. एका मजल्यावर धरायचा, सोडायचा, पुढे.

“आई, थांब.” वरून युडिथाचा आवाज बदललेला होता. “आई, तुझा हात बघ.”

बोलेटेनं बघितलं. तळव्याची कातडी कठड्याला चिकटून राहिली होती, एक तुकडा इथं, एक वर. पायऱ्यांवर रक्ताचे थेंब होते. तिला आधी वाटलं, कोणी शिकार ओढत नेली असेल.

“दुखलं नाही तुला?”

“लोखंड गार असतं. त्यात काय नवीन?”

युडिथानं तिचा दुसरा हात मनगटाशी धरला आणि जिन्याच्या भिंतीवर टेकवला. “कशी लागते भिंत?”

“कशी लागणार? गुळगुळीत. सगळं घर तसलंच.”

“आई, या रंगात वाळू आहे. आविआकचा स्वेटर रोज अडकतो हिला.”

बोलेटेनं हात घासला, जोरानं घासला. पुन्हा घासला. मग ती पायरीवर बसली.

“कातडं वाळलं होतं,” ती म्हणाली.

“तुझ्या हाताला वाळलेलं लागलं.”

मालाकियासला, सुपाला, घर बांधणाऱ्याला, सगळ्यांना तिच्या मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या आणि शेवटी उरले तिचे दोन हात. त्यांना शिवी सुचेना. युडिथानं गळ्यातल्या रुमालानं तिचा तळवा बांधला. ती त्या दिवशी कारखान्यात उशिरा पोचली, आणि दोघींपैकी कोणी आविआकला काही सांगितलं नाही.

सज्जात लहान कातडं अजून टांगलेलं होतं. जपून कापलं, तर त्यातून पोरीचे बूट निघाले असते. आता तेवढंच होतं. आठवडाभर बोलेटे त्याच्यापुढे उभी राहायची, बघायची, आत यायची. रंगावरून ते तयार दिसत होतं. पण मोठंही तसंच दिसलं होतं. रविवारी युडिथा आली, तेव्हा बोलेटे दाराकडे पाठ करूनच बोलली.

“हात लाव त्याला.”

“मी?”

“इथं दुसरी कोण आहे? हातमोजा काढ.”

युडिथानं हातमोजा काढला. कडेपासून आत तिचा अंगठा सावकाश सरकत गेला, मानेच्या भागावरून, पोटाच्या पातळ भागावरून. मध्याच्या जरा खाली तो थांबला. थोडा मागे आला आणि परत त्याच जागी थांबला.

“इथं ओल आहे. बाकी वाळलंय.”

बोलेटेनं स्वतःचा अंगठा तिथंच ठेवला. काही नाही. पण ते थांबणं तिनं ओळखलं होतं. मागे येऊन परत थांबणं; ती स्वतः असंच करायची, आणि ते तिनं कोणाला शिकवलं नव्हतं. हा हात इतकी वर्षं तिच्याच घरात होता आणि तिनं तो मासळीत घालवला. राग असा उसळला, की तिला सज्जाचा कठडा धरावा लागला, आणि या वेळी खापर फोडायला तिच्या स्वतःशिवाय कोणी नव्हतं.

“मग उभी काय राहिलीस?” ती म्हणाली. “उद्या परत ये. परवाही ये.”