मुरत ठेवलेला चुना

भिंतीवर हातोडा चालवण्याआधी तो तिला तळहात लावायचा आणि म्हणायचा, "सरका जी थोडे. ठोकून राहिलो." आत कोणीच नसायचं.

सौंसरच्या आमच्या जुन्या गल्लीला 'संरक्षित' अशी पाटी लागली आणि डागडुजीवर देखरेखीचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी कचेरीतला बाबू, मला भिंतीतलं काय कळतंय? चुन्याचं काम जाणणारा हा एकच म्हातारा गवंडी उरला होता. असा एखादा तुमच्याही गावात असेल, आणि त्याच्या संथपणानं तुम्हीही वैतागला असाल.

"कोणाशी बोलता हो?" मी एकदा विचारलं.

"घरच्यायशी. कुलूप लावून गेले म्हून का सारेच गेले?"

मी हसलो. पण त्यानंतर त्या घरांत एकटा शिरलो नाही, हेही सांगून टाकतो.

कोपऱ्यातलं निळ्या दाराचं घर त्याच्या बापानं बांधलेलं, अर्थात दुसऱ्यांसाठी. त्या घराच्या मागच्या भिंतीसाठी म्हाताऱ्यानं अंगणातल्या हौदात चुना भिजत घातला.

"किती दिवस लागतील?"

"मुरू द्या ना बापा. घाई काऊन करून राहिले?"

घाई मला होती, पाहणीला मोठे साहेब येणार होते. शनिवारी म्हातारा जामसांवलीला दर्शनाला गेला आणि मी ठेकेदाराला सांगून भिंत सिमेंटनं लिंपून घेतली. दिसायला झकास झाली.

आल्यावर त्यानं भिंतीला हात लावला, मग कान लावला. आता शिव्या घालणार, म्हणून मी तयारच होतो.

"आत कोंडलं तुमी त्यायले," एवढंच म्हणाला. थापी पिशवीत टाकून निघून गेला, तो परत कामावर आला नाही. माफी मागायला जाईन जाईन म्हणत राहिलो आणि पावसाळ्याआधी तोच गेला. याची मला अजून लाज वाटते.

पावसाळ्यात सिमेंटमागे ओल कोंडली आणि भिंतीला पोट आलं. सिमेंट काढून चुना लावा, असं तपासणीवाले म्हणाले. मी हौदावरचा पत्रा सरकवला. पाण्याखाली त्याचा चुना लोण्यासारखा मऊ होता. तो लावणारा माणूस मी अजून शोधतोय.

परवा सिमेंट काढायला मजूर आले. पहिला घाव बसायच्या आत मी त्यांना थांबवलं आणि सगळ्यांदेखत भिंतीला तळहात लावला.

"सरका जी थोडे," मी म्हणालो. मजूर एकमेकांकडे पाहून हसले. पण आता आतल्या माणसांत तोही असणार, म्हणून भिंतीजवळ तोंड नेऊन हळूच म्हणालो, "चुकलं माझं."