बाटली दत्ताची, उपास आईचा

उमरग्यात माझी छोटीशी जिम आहे. उचललेली वजनं तिथं कुणी जागेवर ठेवत नाही, किस्से मात्र आपोआप साठत जातात! सध्याचे सगळे दत्ताच्या पायाचे आहेत.

दत्ता गाडीवरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. प्लास्टर काढलं तर मांडी निम्मी! जत्रेत कुस्ती मारणारा गडी, त्याला बसलं की उठता येईना. मांडी भरून यावी म्हणून त्यानं कुठूनशी कीटोन नावाच्या ताकदीच्या पेयाची बाटली मागवली. पहिल्याच घोटाला डोळे मिटून म्हणाला, "सर, ह्येच्यापरीस फिनाईल बरं!"

*

मी त्याला फिजिओ मॅडमकडं नेलं. दत्तानं बाटली पुढं केली, "ह्यानं मांडी भरंल का?"

"स्नायूंचं झिजणं थोडं कमी होत असेलही, अजून नक्की सांगता येत नाही. पण नुसत्या बाटलीनं स्नायू वाढत नाहीत. व्यायाम कर, दूध-डाळ-अंडी खा. आणि कीटोन विकत कशाला? माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिला की शरीर ते फुकट बनवतं!"

"मग उपाशी ऱ्हाऊ?"

"खबरदार! आहे ती मांडीही जाईल."

*

दत्ताच्या आईला, सखूमावशींना, त्याच्या तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास आला. लगेच मला फोन, "सर, तुमच्या जिममधी दारू बी मिळती व्हय?"

मी बाटली घेऊन घरी गेलो. मावशींनी घोट घेतला आणि थुंकला.

"दारू न्हाय. दारू इतकी वंगाळ नसती!"



*

नवरात्र आलं. दत्ताचा दरवर्षीचा उपास, आणि मॅडमनी जेवण सोडायला बंदी केलेली. पोरगा रडकुंडीला आला. मावशी म्हणाल्या, "तू दूध-भाकर खा. माझ्या उपासासंगं तुझ्या वाटचा बी म्या धरते. आईभवानीला सांगते तसं."

*

तिसऱ्या माळेला दत्तानं पूर्ण बैठक मारली आणि आधाराशिवाय उठला! जिमभर शिट्ट्या झाल्या. माझेही डोळे भरून आले. तसाच त्याला गाडीवर घालून घरी नेला.

"आये, उठलो म्या!"

मावशींनी त्याचं डोकं जवळ ओढलं, कडाकडा बोटं मोडली. दत्ता एकदम मागं सरकला.

"आये, तुझ्या तोंडाला माझ्या बाटलीचा वास येतुया! पिलीस का काय?"

"त्या वंगाळाला कोण शिवतंय!" मावशी तोंडाला पदर लावत म्हणाल्या. "एका उपासाला भगर चालती. दोन धरल्यावर ती बी सोडाय नगं व्हय?"