पुढच्या दारानं दवाखाना

पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला आणि मी तिथे पॅकिंगला लागले. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, ते मुळीच पटलं नव्हतं. सुनेने चार भिंतींत राहावं, असं त्यांचं मत. त्यात मला खोकला लागला. खात्यातल्या मुकादमबाईंनी सांगितलं, "विम्याच्या डॉक्टरचा दाखला आण, मगच आत ये."

"बघ, देवाच्याबी मनात हेच हाय. घरी बस," आत्याबाई म्हणाल्या.

मला नुसती धडकी भरली. ही नोकरी माझी होती, मी मिळवलेली. एकदा सुटली तर घरातून पुन्हा बाहेर पडणं अवघड होतं.

विमा कार्ड घेणाऱ्या डॉक्टरांची यादी कारखान्यात लावली होती. "फुकटचं औषध अंगी लागत न्हाई," आत्याबाईंनी फर्मावलं. फुकट नाही, दर महिन्याला माझ्या पगारातून कापतात, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तरी सुनेला एकटी कशी पाठवायची, म्हणून कुरकुरत सोबत आल्या.

यादीतल्या पहिल्या दवाखान्यात कंपाउंडरने माझं कार्ड पाहिलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "कार्डवाले मागच्या दाराने."

मी एरवी तापट. पण दाखल्यासाठी त्या दिवशी गरीब गाय झाले आणि मुकाट वळले. आत्याबाई मात्र जागच्या हलेनात.

"मागल्या दारानं का? चोरी केलीया व्हय माझ्या सुनंनं? फुकट न्हाई आलो आमी! दर म्हयन्याला पगारातनं कापत्यात तिच्या!"

मी आ वासून बघत राहिले. शब्द न् शब्द माझा होता. त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही थेट रस्त्यावर.

"आता दाखला कोण देणार? तुमचा म्हसोबा?" माझा पारा चढला.

"यादी हाय न्हवं? दुसरा बघू."

दुसरा कासारवाडी स्टेशनाजवळ सापडला. एकच दार, एकच बाक. बाकावर पाटल्या घातलेली शेठाणी आणि तेलकट कपड्यांतला मिस्त्री शेजारी शेजारी बसलेले. डॉक्टरांनी छाती तपासली, आमच्याच बाटलीत गुलाबी औषध भरून दिलं.

"बाकीच्यास्नी देता त्येच हाय ना?" आत्याबाईंनी विचारलं.

"तेच, आजी," म्हणत डॉक्टरांनी त्याच बरणीतलं चमचाभर पिऊन दाखवलं आणि तोंड वाकडं केलं. सगळा बाक हसला.

आठ दिवसांत खोकला गेला, दाखला मिळाला. तो आत्याबाईंनी माझ्या हातून काढून घेतला. आता हा कागद चुलीत जातो की काय, अशी शंका मला आली, खोटं कशाला सांगू.

सकाळी उठले तर त्या लुगडं नेसून तयार. कारखान्यापर्यंत माझ्यापुढे चालल्या. फाटकावर कमरेच्या पिशवीतून दाखल्याची घडी काढली, उलगडली आणि पहारेकऱ्यापुढे धरली. अक्षरं उलटी होती.

"वाच," त्या म्हणाल्या, "आन् माझ्या सुनंला आत घे. ह्याच दारानं."

मला रडूच आलं.